पहिल्या व्हिडिओला गोष्ट हवीच का?

अरे, तुझ्या पहिल्या म्युझिक व्हिडिओच्या गोष्टीत प्रेम, ब्रेकअप, अपघात आणि शेवटी रेल्वे स्टेशन, हे सगळं साडेतीन मिनिटांत? आधी गाणं डोळे मिटून ऐक. शब्दांतच कथा पुढे सरकत असेल तर पडद्यावर तीच पुन्हा सांगू नकोस. शब्द एकाच भावनेभोवती फिरत असतील तर एक माणूस, एक जागा आणि कडव्यागणिक एखादा बदल पुरे. निव्वळ देखणे शॉट मात्र दुसऱ्या कडव्यापर्यंत शिळे होतात, हे माझं ठाम मत.

एक युक्ती सांगतो. सेकंदाला ४८ फ्रेम्सवर शूट कर, स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लाव आणि गायकाला त्याच वेगाने ओठ हलवायला सांग. नंतर २४ वर चालवलंस की ओठ बरोबर जुळतात, पण केस, ओढणी, पाणी सगळं संथ. गोष्ट नसली तरी नजर हलत नाही.

ठाण्यात उपवन तलावाला शूट करणार असशील तर सूर्य येऊरच्या डोंगराआड लवकर जातो, हे धरून चाल. जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढ. ते राष्ट्रीय उद्यान आहे. आणि ठाण्यातली मामलेदारची झणझणीत मिसळ शूटनंतर. आधी खाल्लीत तर गायकाच्या डोळ्यांतलं पाणी कथेत बसवावं लागेल.