कारणाचा रकाना

तुझा रात्री साडेबाराचा मेसेज सकाळी वाचला. एआय टूलने एका रात्रीत सर्किट बोर्डचा लेआउट, म्हणजे कोणता भाग कुठे बसेल आणि तांब्याचे ट्रॅक कुठून जातील याची मांडणी, करून दिला, नियमतपासणीत एकही चूक नाही आणि आता ‘चेक्ड बाय’च्या चौकटीत तुझी सही हवी आहे. तू विचारतेस, आता लेआउट शिकण्यात अर्थ आहे का? अगं, हा प्रश्नच नाही. त्या बोर्डवरची प्रत्येक गोष्ट तिथेच का आहे, हे तुला सांगता येतं का? येत नसेल तर सही करू नकोस.

माझा टूलला विरोध नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने 2018 मध्ये ‘आयडिया’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा उद्दिष्टच होतं की माणसाचा हात न लागता 24 तासांत चिपचा किंवा बोर्डचा लेआउट तयार व्हावा. मला ते पटतं. मोबाइलच्या चिपचा डिझाइनखर्च कोट्यवधी नगांवर वाटला जातो. रडारचे संच मोजके, तिथे डिझाइनचे महिनेच महाग पडतात. तेव्हा टूल जरूर वापर.

पण तुमच्या टूलला जुने बोर्ड शिकवलेत, असं तू लिहितेस. त्यात माझेही असतील. त्या फाइलींत तांबं आहे, कारणं नाहीत. एका बोर्डवर मी कनेक्टर उजव्या कडेला नेला, कारण ठरलेला माल वेळेवर आला नाही आणि हाताशी होता तो तिथेच बसत होता. टूलला ती तडजोड आणि विचारपूर्वक केलेली मांडणी सारखीच दिसणार. दोष टूलचा नाही, माझा आहे. मी कारण लिहून ठेवलं नाही.

आणि लिहायला हवं हे मला माहीत होतं, हे जास्त लागतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका जुन्या बोर्डची नवी आवृत्ती माझ्याकडे आली. ग्राउंड प्लेनच्या, म्हणजे करंट ज्यातून परततो त्या तांब्याच्या थराच्या, फटीवर दोन छोटे कपॅसिटर होते. त्यांचं काम कळेना, जागा हवी होती, मी काढून टाकले. टेबलावर बोर्ड उत्तम चालला, ईएमआयच्या चेंबरमध्ये, म्हणजे बोर्डमधून नको त्या लहरी बाहेर पडतात का ते मोजतात तिथे, नापास झाला. क्लॉकचा, म्हणजे सगळ्या बोर्डला ताल देणाऱ्या सिग्नलचा, ट्रॅक त्या फटीवरून जात होता आणि परतीच्या करंटला ते कपॅसिटर म्हणजे पूल होते. पूल गेल्यावर करंट लांबून वळसा घेऊ लागला आणि ते वेटोळंच अँटेना झालं. हे शोधण्यात चार महिने गेले. कपॅसिटर लावणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. ड्रॉइंगवर एक ओळ हवी होती, एकच.

माझे चार महिनेच गेले, दुसरीकडे किंमत फार मोठी होती. 25 फेब्रुवारी 1991, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं दाहरान. येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या पॅट्रियट यंत्रणेचा एक संच सलग 100 तास चालू होता. 24 बिटांत बसवलेल्या वेळेची बारीक चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेली. येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र निसटलं, 28 अमेरिकन सैनिक गेले. ती यंत्रणा इतके तास सलग चालेल, हे डिझाइनच्या वेळी गृहीतच नव्हतं. ‘खूप वेळ’ चालवल्यास अडचण येते, असा इशारा चार दिवस आधी गेला होता. खूप म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

रिव्ह्यूत मी ट्रॅकट्रॅकपाशी अडतो म्हणून माझी एक बढती गेली. लोक अजून म्हणतात, थोडं नमतं घ्यायला हवं होतं. नाही. आजही तिथेच अडेन. ज्याचं कारण मला सांगता आलं नाही, असा एकही बोर्ड नंतर माझ्या सहीने बाहेर गेला नाही. तुझ्या लीडची घाई मला समजते. तू गप्प बसलीस, ते मात्र समजलं नाही. दोन दिवस मागून घे. तुला नाही म्हणतील असं मला वाटत नाही, तुझं काम मी पाहिलंय.

टूलच्या लेआउटशेजारी एक तक्ता उघड. पॉवर, क्लॉक, कनेक्टर, उष्णतेची वाट आणि फटी ओलांडणारा प्रत्येक ट्रॅक घे. समोर एकच रकाना ठेव, ‘का’. टूलला विचारून भरू नकोस, ते सफाईदार काहीतरी लिहून देईल. स्वतः भर. जिथे लिहिता येत नाही, तिथे ट्रॅक हलवून बघ, सिम्युलेशन लाव, मग लिही.

शनिवारी फोन कर. बोर्ड कोणता, कुठे जाणार, काही सांगू नकोस, मला ते नकोच आहे. किती ओळी कोऱ्या राहिल्या, तेवढा आकडा सांग.