‘क्रेडिट्सचं आम्ही बघतो’ म्हणाल्या ना? मग हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुलगा नववीत, अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनियर व्हर्सिटीत (शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघात) रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, कोच म्हणतात याच्यात दम आहे, नवरा म्हणतो अभ्यासाचं वाटोळं होईल, आणि तुम्ही विचारताय की यात पुढे खरंच करिअर होतं का, आत्तापासून काय सांभाळायचं. डोक्याला मार, गुडघे यांबद्दल वर बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. मला मात्र क्रेडिट्सबद्दलचं (म्हणजे विषय पूर्ण केल्याच्या नोंदींबद्दलचं) तुमचं मधलंच एक वाक्य टोचलं: ‘शाळेच्या काउन्सेलर म्हणाल्या, क्रेडिट्सचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका.’

करा. काळजी करा.

आधीच सांगते, मी कोच नाही, वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. ह्यूस्टनच्या बाजूला राहते, माझा लेक टेक्सासमधल्या हायस्कूलमध्ये रनिंग बॅक खेळून 2018 मध्ये कॉलेजला गेला. तेव्हापासून बरंच बदललंय, त्यामुळे मी सांगते ते एनसीएएच्या (कॉलेजातल्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना) साइटवर स्वतः ताडून बघा. हडल या साइटवर खेळाची फिल्म टाकणं, फिजिकल म्हणजे डॉक्टरी तपासणी, चांगलं हेल्मेट या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

आमचं काय झालं ते ऐका. लेक दहावीत असताना जानेवारीत सासरे गेले. आम्ही सगळे सांगलीला. तिथे त्याला टायफॉइड झाला आणि परतायला उशीर झाला. टेक्सासमध्ये नियम असा की वर्ग भरले त्यांपैकी नव्वद टक्के दिवस हजेरी नसेल तर पास होऊनही त्या सेमिस्टरचं क्रेडिट मिळत नाही. कारण योग्य असेल तर हजेरी समितीपुढे अर्ज करून ते क्रेडिट परत मिळवता येतं, हेही कायद्यातच आहे. हे मला केव्हा कळलं, तर दोन वर्षांनी, दुसऱ्या एका आईकडून. शाळेच्या काउन्सेलिंग ऑफिसने आम्हाला एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून क्रेडिट रिकव्हरी करून टाका, सोपं आहे. सोपं होतंच. स्क्रीनवर धडा, खाली प्रश्न, चुकलं की परत तोच प्रश्न, शिकवायला कोणी नाही. इंग्रजी, भूमिती, केमिस्ट्री, सगळं जुलैच्या आत खलास.

मी तेव्हाच ईमेल करून विचारलं होतं, हे एनसीएएला चालेल ना? उत्तर आलं, क्रेडिट म्हणजे क्रेडिट, डिप्लोमाला काही अडचण नाही. प्रश्न काय होता, उत्तर काय आलं बघा. पुढे अकरावीत त्याच ऑफिसने त्याच्या टाइमटेबलमधून फिजिक्स काढून स्पोर्ट्स मेडिसिन टाकलं. का, तर शेवटचा तास अॅथलेटिक्सचा आणि फिजिक्सचा वर्ग त्याच वेळी. म्हणे, खेळाडू मुलगा आहे, त्याला आवडेलही!

आता खरी मेख. एनसीएएच्या डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, सोळा कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) लागतात हे सगळे सांगतात. त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत, म्हणजे सातव्या सेमिस्टरच्या आधी पूर्ण हवेत आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञान यांतलेच हवेत, हे फारसं कोणी सांगत नाही. सातवं सेमिस्टर सुरू झालं की ते सात गोठले. नंतर तोच विषय पुन्हा करून गुण वाढवले तरी त्या हिशेबात धरत नाहीत. आणि ज्यात शिक्षकाशी धड संपर्कच नाही असली क्रेडिट रिकव्हरी कोअरमध्ये बसत नाही.

माझ्या लेकाचा हिशेब असा: नववीचे इंग्रजी, गणित, विज्ञान असे तीन, दहावीचे पहिल्या सेमिस्टरचे अर्धे अर्धे मिळून दीड, अकरावीचे इंग्रजी आणि गणित असे दोन (स्पोर्ट्स मेडिसिन धरलं नाही). साडेसहा. अर्ध्या क्रेडिटने गाडी अडली.

हे उघडकीला कधी आलं? बारावीच्या सप्टेंबरात, ज्या युनिव्हर्सिटीने संघात घेण्याची ऑफर दिली होती तिच्या लोकांनी ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) मागवल्यावर. तेव्हा काहीच करता येण्यासारखं नव्हतं. अॅकॅडेमिक रेडशर्ट नावाची एक पळवाट असते: स्कॉलरशिप मिळते, सराव करता येतो, पहिल्या वर्षी सामना खेळता येत नाही. पण कॉलेजच्या कोचला त्याच वर्षी मैदानावर उतरणारा मुलगा हवा होता आणि रनिंग बॅकचा तुटवडा कुठेच नसतो. फोन यायचे बंद झाले. ‘ऑफर मागे घेतली’ असंसुद्धा कोणी तोंडाने म्हणालं नाही.

मग मी आणि नवरा शाळेत गेलो. काउन्सेलिंग ऑफिस म्हणे, आम्ही राज्याच्या ग्रॅज्युएशनचं बघतो, एनसीएए म्हणजे अॅथलेटिक्सचं काम. अॅथलेटिक्सवाले म्हणे, ट्रान्स्क्रिप्ट त्यांच्याकडे असतं, आम्ही फक्त नो पास नो प्ले बघतो. म्हणजे सत्तरच्या खाली गुण गेले तर तीन आठवडे बसवायचं, हे त्यांना तोंडपाठ, कारण त्यावर शुक्रवारचा सामना अवलंबून. मुलाचं पुढे काय, हे दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत पडलेलं. माझा तो ईमेल छापून नेला होता. काउन्सेलर बाईंनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, ‘यात आम्ही एनसीएएबद्दल काहीच म्हटलेलं नाही.’ आजही लिहिताना डोकं फिरतं.

असो. तर तुम्ही आज संध्याकाळीच एक काम करा. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर प्रत्येक हायस्कूलची मान्य कोर्सेसची यादी असते. तुमच्या शाळेची काढा, मुलाचं टाइमटेबल शेजारी ठेवा आणि कोर्सचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. विषय तोच पण नाव वेगळं, असंही चालत नाही. टाइमटेबल बदललं की पुन्हा जुळवा. शाळेशी फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाका आणि उत्तर मोघम आलं तर ‘हो की नाही’ असं परत विचारा. उद्धट वाटलं तर वाटू दे. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट 2023 मध्ये काढून टाकली, तेवढं एक ओझं तुम्हाला नाही. उलट त्यामुळे सगळा भार या सोळा विषयांवर आणि त्यांच्या सरासरीवर आला. डिव्हिजन वनला किमान 2.3 (चारपैकी) लागते, पण काठावर राहून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

हे एवढं ताणून सांगते कारण रनिंग बॅकच्या बाबतीत पायांपेक्षा कागद जास्त टिकतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, ‘यात पेन्शन असते का?’ सगळे हसले. पण प्रश्न फार शहाणा होता. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पेन्शन असते, तिचा हक्क लागायला तीन हंगाम खात्यावर जमा व्हावे लागतात, आणि रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द खेळाडूंच्या संघटनेच्या आकड्यांवरून अडीच वर्षांच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे सरासरी माणूस पेन्शनच्या दारातून परत येतो. आणि ही गोष्ट एनएफएलपर्यंत पोचलेल्यांची.

नावं हवीत तर मार्कस लॅटिमोर बघा. साउथ कॅरोलायनाचा, कॉलेजात असताना सगळ्या देशाच्या नजरेत भरलेला. 2011 मध्ये एक गुडघा गेला, 2012 मध्ये दुसरा. एनएफएलच्या फोर्टी-नायनर्स संघाने तरीही 2013 मध्ये खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्याला चौथ्या फेरीत घेतलं. 2014 च्या नोव्हेंबरात एकही सामना न खेळता निवृत्त झाला. टॉड गर्ली एनएफएलचा 2017 चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, 2018 मध्ये मोठा करार, 2020 च्या मार्चमध्ये त्याच्या रॅम्स संघाने सोडून दिला. मॉरिस क्लॅरेटने ओहायो स्टेटला 2002 च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, मग हायस्कूलनंतर तीन वर्षं थांबण्याच्या एनएफएलच्या अटीविरुद्ध कोर्टात गेला, 2004 मध्ये अपिलात हरला आणि एनएफएलच्या एकाही अधिकृत सामन्यात खेळला नाही. त्या तीन वर्षांच्या अटीचा अर्थ नीट बघा. या जागेवरच्या मुलाची सगळ्यात ताजी वर्षं कॉलेजातच खर्च होतात.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडतेय. फ्रँक गोरचे दोन्ही गुडघे कॉलेजात फाटले होते. 2005 मध्ये तिसऱ्या फेरीत गेला आणि सोळा हंगाम खेळून बरोबर 16,000 यार्ड काढून थांबला. 2023 मध्ये सगळे म्हणत होते की या जागेला आता किंमत उरली नाही. तेव्हाच्या फ्रँचाइज टॅगप्रमाणे (संघ खेळाडूला वर्षभर ठराविक पगारावर अडकवून ठेवतो तो नियम) सेकॉन बार्कलीला वर्षाचे जेमतेम कोटीभर डॉलर मिळणार होते आणि सगळे रनिंग बॅक नाराज. (‘जेमतेम’ शब्दावर हसू नका, इतर जागांच्या मानाने म्हणतेय.) 2024 मध्ये तो जायंट्स संघ सोडून ईगल्सकडे गेला, त्या हंगामात 2,005 यार्ड धावला आणि सुपर बोल हा अंतिम सामनाही जिंकला. त्यामुळे करिअर होतच नाही असं मी म्हणणार नाही. त्यावर घर बांधू नका, एवढंच माझं मत. मत आहे, पटलं तर घ्या.

मैदानावरचं एकच सांगते, बाकी कोच बघतील. मुलाचे कॅरी, म्हणजे तो चेंडू घेऊन किती वेळा पळाला ते, मोजा. गावाकडच्या शाळांतून चांगला रनिंग बॅक सापडला की बैलासारखा जुंपतात, प्रत्येक दुसऱ्या डावाला चेंडू त्याच्याच हातात. लॅरी जॉन्सनने 2006 मध्ये एका हंगामात 416 कॅरी केले, तो एनएफएलचा विक्रम आहे, आणि पुढच्याच हंगामात पायाचं हाड मोडून अर्ध्यावर बसला. पंधरा वर्षांच्या पोराच्या पायांना तर अजून पुरती वाढही नसते. त्यापेक्षा त्याला पास झेलायला आणि क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) चालून येणाऱ्याला अडवायला शिकू दे. पळता सगळ्यांनाच येतं. कॉलेजात पहिल्या वर्षी पोरं बाकावर बसतात ती अडवता येत नाही म्हणून.

आणि चेंडू सांडणं, म्हणजे फंबल. आमच्याकडे कोचने घरचा अभ्यास दिला होता: चेंडूचं टोक बोटांच्या बेचक्यात, बाकीचा कोपराच्या आतून फासळ्यांना घट्ट चिकटलेला, असाच घरभर वागवायचा. आणि घरच्यांनी संधी मिळेल तिथे मागून येऊन त्यावर फटका मारायचा. सासूबाईंनी हे फारच मनावर घेतलं. देवपूजा करून उठल्या की पहिला फटका. पोरगा फ्रिज उघडताना सुद्धा कोपर आवळून उभा असायचा. कॉलेजभर त्याचे फंबल फार कमी झाले, श्रेय कोणाला ते तुम्हीच ठरवा.

तो शेवटी खालच्या गटात, डिव्हिजन टूमध्ये खेळला. तिथे बारावीच्या आधीच्या त्या सात विषयांची अट नाही, राहिलेले कोर्स त्याने बारावीत पूर्ण केले आणि प्रवेश मिळाला. पण तिथे एका संघाला मिळून 36 पूर्ण स्कॉलरशिपइतकेच पैसे असतात आणि ते तुकडे करून वाटतात. आमच्या वाट्याला पुस्तकं आणि थोडी फी आली. उरलेलं कर्ज अजून फेडतोय. त्या अर्ध्या क्रेडिटची किंमत विचारलीत तर ती ही. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, खेळ तिथेच संपला, डिग्री पूर्ण केली. आता फिजिकल थेरपी शिकतोय. त्याला माझ्याइतका राग नाही, म्हणतो आई सोड आता.

जाता जाता दोन गोष्टी. ‘आम्ही तुमच्या मुलाला कॉलेज कोचपर्यंत पोचवतो’ म्हणत हजारो डॉलर मागणाऱ्या कंपन्यांचे फोन अकरावीत सुरू होतील. माझ्या मते एकही पैसा देऊ नका. चांगली फिल्म आणि मुलाने स्वतः लिहिलेला ईमेल पुरतो. मुलाने स्वतः बरं का, बाबांनी नाही, कोचेसना ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे मुलगा अभ्यासात बरा असेल तर आयव्ही लीग (नामांकित जुनी विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीकडे नाक मुरडू नका. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण घरच्या उत्पन्नावरून मिळणारी मदत कधी कधी डिव्हिजन टूच्या तुकड्यापेक्षा मोठी निघते. घरी अर्ज भरून हिशेब करून बघा.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की मुलगा अंडी सोडून मांसाहार करत नाही, चालेल का. चालेल. एनएफएलच्या टेनेसी टायटन्स संघात 2017 च्या सुमारास बचावातला लाइनबॅकर डेरिक मॉर्गनची बायको चॅरिटी, ती शेफ आहे, संघातल्या बऱ्याच खेळाडूंना पूर्ण वनस्पतिजन्य जेवण पुरवायची. आमच्याकडे मुगाचं धिरडं, पनीर, उसळी आणि दुधाचा गॅलन दर दोन दिवसांनी. फक्त ऑगस्टच्या सरावाच्या दिवसांत उपास करू देऊ नका, टेक्सासच्या उन्हात एकादशी झेपत नाही.