वाचकांचे प्रश्न : फिरत्या पात्रातील पेशी

प्रश्न : माझी नात महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. अवकाश संशोधनासाठी माणसाच्या पेशी फिरत्या भांड्यात वाढवतात आणि त्या भांड्यात गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, असे तिने कुठेतरी वाचले. जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात असे कसे घडेल, हे तिलाही सांगता आले नाही आणि मलाही उमगले नाही. – एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, गुरुत्वाकर्षण त्या भांड्यात मुळीच नाहीसे होत नाही. किंबहुना ते अवकाशस्थानकातही नाहीसे झालेले नसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते, पण स्थानक आणि त्यातील प्रत्येक वस्तू एकत्रच पडत असल्यामुळे कोणाला वजन जाणवत नाही.

फिरत्या पात्राची युक्ती आपण घरीच पाहू शकाल. खिचडीसाठी भिजवलेल्या साबुदाण्याचे चार दाणे काचेच्या बरणीत टाकून ती पाण्याने काठोकाठ भरावी, बुडबुडा राहू न देता झाकण लावावे आणि बरणी आडवी धरून एकाच दिशेने सावकाश फिरवत राहावे. थोड्या वेळाने पाणी बरणीबरोबर फिरू लागते. दाणे खाली पडतच असतात, पण तळाला टेकण्यापूर्वीच पाणी त्यांना पुन्हा वर नेते. एखादा मोठा बुडबुडा राहिला, तर तो वरच अडून बसतो, त्याच्याभोवती पाणी ढवळले जाते आणि दाणे इकडेतिकडे फेकले जातात. प्रयोगशाळेत पात्र भरताना आम्ही सर्वांत जास्त वेळ या बुडबुड्यांच्या मागे घालवत असू. एकदा तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा नजरेतून सुटला आणि दुसऱ्या दिवशी पेशींच्या गोळ्यांऐवजी पोषकद्रवात नुसता गाळ तरंगत होता.

हे पात्र १९८०च्या दशकात ह्यूस्टन येथील नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्रात तयार झाले. ते घडवणाऱ्यांपैकी डेव्हिड वुल्फ हे डॉक्टर आणि अभियंता पुढे स्वतः अंतराळवीर म्हणून रशियाच्या मीर स्थानकावर राहून आले. उड्डाणाच्या आणि परतीच्या हादऱ्यांत नाजूक पेशी फाटू नयेत, हा या रचनेमागचा एक हेतू होता. जमिनीवर ती इतकी उपयोगी पडेल, अशी अपेक्षा सुरुवातीला फारशी नसावी. सपाट तबकडीत पेशी तळाला चिकटून चादरीसारख्या एका थरात पसरतात आणि पात्यांनी ढवळलेल्या भांड्यात त्यांची गत रवीखाली सापडलेल्या सायीसारखी होते. फिरत्या पात्रात मात्र त्या एकमेकींना धरून गोळा होतात आणि शरीरातील ऊतींशी बऱ्याच अंशी मिळतीजुळती अशी त्रिमित रचना करतात. म्हणूनच कर्करोगाच्या गाठींचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे पात्र उचलले.

तरीही फिरते पात्र म्हणजे अवकाश नव्हे. पात्रातील पेशी सतत पडत असतात, त्यामुळे त्यांच्या अंगावरून पोषकद्रव वाहत राहतो. कक्षेत पेशी आणि द्रव एकत्रच पडत असल्याने तो आपसूक वाहत नाही. १९९६-९७मध्ये वासराच्या कूर्चेच्या (सांध्यांतील लवचीक, मऊ हाडाच्या) पेशींचे तुकडे मीरवर सुमारे चार महिने वाढवण्यात आले आणि तसेच तुकडे त्याच काळात जमिनीवरील फिरत्या पात्रात ठेवण्यात आले. मीरवरचे तुकडे अधिक गोल, आकाराने लहान आणि दाब सहन करण्यात दुबळे निघाले. पेशी माणसाच्या नव्हत्या, हे खरे. पण कूर्चेला घट्टपणा येण्यासाठी भार लागतो, हे त्यातून दिसले आणि दीर्घकाळ अवकाशात राहणाऱ्यांच्या सांध्यांचा प्रश्न समोर आला. आपल्या नातीने ‘सूक्ष्मगुरुत्वाचे अनुकरण’, म्हणजे जवळजवळ वजनरहित अवस्थेची नक्कल, असा शब्द वापरावा, म्हणजे परीक्षकाला आक्षेप घेता येणार नाही.

प्रश्न : पात्रात हवा चालत नसेल, तर पेशी श्वास कसा घेतात? – एक विद्यार्थिनी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : पात्रात सिलिकॉनचा पातळ पडदा बसवलेला असतो. त्यातून प्राणवायू आत शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, द्रव मात्र गळत नाही. अवकाशात ही सोय अधिकच आवश्यक ठरते, कारण मत्स्यालयातल्यासारखी हवा सोडली, तर तिथे बुडबुडे वर येऊन फुटत नाहीत. ते द्रवातच राहतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात.

प्रश्न : अशा पात्रात अख्खे यकृत तयार करता येईल का? – एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : सध्या नाही. प्राणवायू पेशींच्या दाट गोळ्यात साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरच झिरपतो, त्यामुळे गोळा त्याहून बराच जाड झाला की मधल्या पेशी गुदमरून मरतात. शरीरात हे काम केशवाहिन्यांचे जाळे करते आणि पात्र कितीही काळजीपूर्वक फिरवले, तरी ते जाळे त्यात आपोआप विणले जात नाही.