स्क्वॉट करताना माझे गुडघे आत येतात. कोच म्हणतात, ‘शरीर कॉम्पेन्सेट करतंय.’ म्हणजे नेमकं काय?

एखादा सांधा हवा तेवढा वाकत नाही किंवा एखादा स्नायू पुरेसा जोर लावत नाही, तेव्हा शरीर ते काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतं. हालचाल पूर्ण होते, पण भार भलतीकडेच जातो. कोचना हेच म्हणायचंय.

तुमच्या बाबतीत दिसतंय गुडघ्यात, पण मूळ बऱ्याचदा खाली घोट्यात किंवा वर खुब्यात असतं. म्हणून नुसतं ‘गुडघे बाहेर, गुडघे बाहेर’ म्हणून भागत नाही. मीही शिकवायला लागलो तेव्हा एका मुलीला कितीतरी आठवडे हेच सांगत होतो. एकदा तिला बूट काढून स्क्वॉट करायला लावला. खाली जाताना तळपायाची कमान पार सपाट झाली, घोटा आत कलला आणि त्याच्यामागोमाग गुडघाही. टाचांखाली वजनाच्या दोन पातळ प्लेट सरकवल्या, तर एक शब्दही न बोलता गुडघे रेषेत आले! अडचण घोट्याची होती आणि मी बोल लावत होतो गुडघ्याला.

तुम्हीही तपासून बघा. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? बराच मागे राहत असेल, तर आधी घोटा आणि पोटरी मोकळी करायला घ्या. सहज टेकत असेल आणि टाचांखाली प्लेट ठेवूनही काही फरक पडत नसेल, तर खुब्याच्या बाजूच्या स्नायूंकडे बघा. गुडघ्यांच्या जरा वर रबर बँड लावून हलक्या वजनाने स्क्वॉट करा. बँडला बाहेर ढकलताना ते स्नायू कामाला लागतात.

आणि रिकाम्या बारने सगळं नीट, फक्त जड वजनाच्या शेवटच्या दोन-तीन रेप्सना (म्हणजे बैठकांना) गुडघे आत, असं होत असेल तर वजन उतरवा. ती ताकदीची मर्यादा आहे, तिथे स्ट्रेचिंग करून काही हाती लागत नाही.

एक मात्र सांगतो, प्रत्येक वेगळी हालचाल म्हणजे दोष नव्हे. मांडीचं हाड लांब असलेला माणूस स्क्वॉटमध्ये जास्त पुढे झुकणारच, त्याची ठेवणच तशी असते. गुडघेही किंचित हलले म्हणून घाबरू नका. दुखत असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पुढच्या वेळी अनवाणी स्क्वॉट करा, कोचना समोरून एक व्हिडिओ काढायला सांगा आणि विचारा, ‘आधी काय हलतंय, पाऊल की गुडघा?’