मुंबईत कोर्टात साक्ष द्यायला जायचं असेल तर खासगी कंपनी पगारी सुट्टी देते का?

द्यायलाच हवी असा खास कायदा नाही. अमेरिकेतली ज्युरी ड्युटी (खटल्याचा निवाडा करायला सामान्य नागरिकांना बोलावणं) पाहून अनेकांचा गैरसमज होतो, पण तिथेही केंद्रीय कायदा मालकाला त्या दिवसांचा पगार द्यायला भाग पाडत नाही. आपल्याकडे तर नानावटी या नौदल अधिकाऱ्याच्या गाजलेल्या खून खटल्यानंतरच्या काळात ज्युरी इतिहासजमा झाली. पारशी विवाह न्यायालयातले ज्युरीसारखे प्रतिनिधी हा काय तो अपवाद.

साक्षीदाराचं मात्र वेगळं. समन्स आल्यावर जावंच लागतं. 'ऑफिसातून सोडलं नाही' ही सबब चालत नाही, वॉरंट निघू शकतं. त्यामुळे समन्सची प्रत जोडून एचआरला आधीच मेल टाका. कंपनीच्या धोरणात अशी रजा नसेल, तर वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या वर्षाच्या ८ पगारी नैमित्तिक रजा वापरा. कंपनीच्याच कामासंबंधी साक्ष असेल, तर ड्युटी धरा असा आग्रह धरायला हरकत नाही.

दिंडोशी असो की किल्ला कोर्ट, निघताना हजर असल्याचा दाखला मागून घ्या. साक्ष न होता नुसती पुढची तारीख पडली (आणि ती पडतेच!) तरी घ्या. फौजदारी खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली न्यायालय सरकारकडून वाजवी खर्च देववू शकतं. दिवाणी दाव्यात ज्याने साक्षीला बोलावलं, त्याला तुमचा प्रवासखर्च कोर्टात भरावा लागतो. रक्कम फार नसते, पण फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांना विचारायला लाजू नका.