शब्दांची विचारपूस : ‘पॅटर्न’ म्हणजे साचा काय?

प्रश्न : मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये, २१ वर्षे काम केले. आमच्यासाठी पॅटर्न ही हातात धरता येणारी लाकडी वस्तू होती. आता वर्तमानपत्रात ‘लातूर पॅटर्न’ वाचतो, सूनबाई ब्लाऊजचा पॅटर्न कागदावर कापते आणि नातू मोबाईलचा पॅटर्न विसरतो. शब्दकोशात या शब्दासमोर ‘नमुना, साचा, आकृतिबंध’ असे तीन प्रतिशब्द एका ओळीत दिले आहेत. यांपैकी खरा कोणता? आणि मराठीत ‘पॅटर्न’ लिहिताना विभक्तिप्रत्यय कसा लावावा?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपण ज्या कामात आयुष्य घालवले, त्याच कामात या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पॅटर्नला ‘साचा’ म्हणणारा कोशकार ओतशाळेत कधी उभा राहिला नसावा. तेथे आधी लाकडाचा पॅटर्न तयार होतो, त्याभोवती वाळू ठासली जाते, पॅटर्न अलगद काढून घेतला की वाळूत जी पोकळी राहते तो साचा, आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला की वस्तू मिळते. म्हणजे पॅटर्न हा साच्याचा जनक आहे. एक भरीव, दुसरा पोकळ. शिवाय पॅटर्न वस्तूची हुबेहूब प्रतिकृतीही नसतो, कारण धातू थंड होताना आकसतो आणि म्हणून बिडाच्या कामासाठी पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करावा लागतो. तो वाळूतून कड न मोडता निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतारही द्यावा लागतो. हे आपणांस सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखवणे आहे, परंतु इतर वाचकांसाठी ते लिहिणे आवश्यक वाटले. पेणच्या मूर्तिकारांकडेही हाच क्रम दिसतो : आधी मूळ मूर्ती घडते, मग तिच्यावरून साचा निघतो आणि त्या साच्यातून छापाचे गणपती निघतात.

इंग्रजी शब्दाचा इतिहासही जनकत्वाकडेच बोट दाखवतो. लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे पिता, त्यावरून ‘पात्रोनुस’ म्हणजे पाठीराखा, आणि तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘पॅट्रन’ म्हणून आला. ज्याच्याकडे पाहून वागावे तो वडीलधारा आणि ज्याच्याकडे पाहून वस्तू करावी तो नमुना, या दोहोंसाठी तेव्हा एकच शब्द चाले. पुढे उच्चार आणि लेखन फुटून माणसासाठी ‘पॅट्रन’ आणि वस्तूसाठी ‘पॅटर्न’ असे दोन शब्द झाले. फ्रेंचमध्ये मात्र कारखान्याचा मालक आणि शिवणकामाचा कागद या दोघांनाही आजही ‘पात्राँ’च म्हणतात, आपल्या सूनबाईंना ही गंमत जरूर सांगावी.

यापुढे शब्दाने एक वळण घेतले आणि गोंधळाचे मूळ तेथे आहे. नमुन्यावरून एकसारख्या अनेक वस्तू निघतात, तेव्हा त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारखेपणालाही इंग्रजीत ‘पॅटर्न’ म्हणू लागले : आधी कापडावरच्या नक्षीला, नंतर पावसाच्या, गुन्ह्यांच्या, माणसाच्या वागण्याच्या ठरावीक पद्धतीला. म्हणजे एकच शब्द कृतीच्या आधी असणाऱ्या आदर्शासाठी आणि कृतीनंतर दिसणाऱ्या ठशासाठी वापरला जातो. मराठीने या दोन बाजू कधी मिसळल्या नव्हत्या. आधीच्या बाजूला आपल्याकडे ‘नमुना’ आहे आणि त्याहून नेमका ‘कित्ता’ आहे. नंतरच्या बाजूला ‘नक्षी’, ‘वीण’, ‘वळण’, ‘तऱ्हा’, ‘धाटणी’ आहेत. तेव्हा पॅटर्नला प्रतिशब्द शोधताना तो आधीचा की नंतरचा एवढे पाहावे. साडीवर वेलबुट्टी असते, स्वेटरला वीण असते, चोराच्या कामाची तऱ्हा असते. या तिन्ही ठिकाणी ‘नमुना’ लिहिणे चूक आहे. (माणसाला उद्देशून ‘काय नमुना आहे!’ म्हणतात ते वेगळे, त्याचा कित्ता कोणी गिरवू नये अशीच तेथे इच्छा असते.)

‘आकृतिबंध’ हा घडवलेला शब्द साहित्यसमीक्षेत कवितेच्या वा कथेच्या बांधणीसाठी शोभतो. सरकारी कागदावर मात्र त्याचा अर्थ एखाद्या कार्यालयातील मंजूर पदांची रचना एवढाच उरला आहे, त्यामुळे महापालिकेतील कर्मचाऱ्याला ‘आकृतिबंध’ ऐकताच कविता नव्हे, रिक्त जागा आठवते.

‘लातूर पॅटर्न’ हा प्रयोग मराठी बोलणाऱ्यांचा स्वतःचा म्हणावा लागेल. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी लातुरात रुळलेली तयारीची पद्धत, किंवा धुळे जिल्ह्यातील नाले रुंद व खोल करून पाणी जिरवण्याचा ‘शिरपूर पॅटर्न’, यांत गावाचे नाव पुढे जोडून इतरांनी गिरवावा असा कित्ता सुचवलेला असतो. येथे शब्द आपल्या जुन्या, लाकडी अर्थाच्या अगदी जवळ आहे, आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. मोबाईलच्या नऊ ठिपक्यांवरील रेघांनाही पॅटर्नच म्हणावे.

व्याकरणापुरते सांगायचे तर हा शब्द मराठीत पुल्लिंगी रुळला आहे : पॅटर्न बदलला, सगळे पॅटर्न सारखे निघाले. ‘नमुना’चे ‘नमुन्याचा’ होते, तसे ‘पॅटर्नाचा’ करण्याची गरज नाही. ‘पॅटर्नचा’, ‘पॅटर्नप्रमाणे’ हीच रूपे आपल्या कारखान्यातही ऐकू येत असतील, तीच लिहावीत.