एकट्याने काही करून उपयोग आहे का, की हे सरकारचंच काम?

तुम्ही विचारलंय, हवामान बदलाच्या बाबतीत एकट्या माणसाने काही केल्याने फरक पडतो का, की सगळं सरकारनेच करायचं. हा प्रश्न माझ्यात आणि आमच्या दादात पंधरा वर्षं पेटलेला आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

'सरकारने करावं' हे दादाचं पालुपद. दारूगोळाही भरपूर. 2020 साली अर्धं जग घरात कोंडलं, विमानं जमिनीवर उभी राहिली, तरी जगाचं कार्बन उत्सर्जन वर्षभरात उतरलं ते सुमारे 5 टक्के, आणि पुढच्याच वर्षी जवळपास पूर्वपदावर आलं. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एकेका माणसामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब, हा शब्द घरोघरी पोचवला तो बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. तेल विकणाऱ्याने पाप गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकलं, असं दादा म्हणतो. खरंच आहे ते. मला राग एवढ्याचाच की तो हे खुर्चीत रेलून म्हणतो.

मी त्याच्या नाकावर टिच्चून छतावर तीन किलोवॉटची सोलर बसवली. पॅनेल दोन दिवसांत चढली. नेट मीटरचा, म्हणजे घरात आलेली आणि घरातून ग्रिडमध्ये गेलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा, अर्ज मात्र वीज कंपनीत अकरा महिने पडून. मीटर नाही म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये सोडायची परवानगी नाही, म्हणून इन्व्हर्टर घरात लागेल तेवढीच वीज बनवायचा आणि बाकी उन्हावर पाणी सोडायचा. भर दुपारी डोक्यावर ऊन आणि स्क्रीनवर आकडा 0.3 किलोवॉट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की 0.4. ते बघवायचं नाही. एकदा मी धुतलेल्या चादरी परत मशीनला लावल्या, निदान वीज तरी वापरली जावी म्हणून. नेमका तेव्हा दादा आला. चादरींकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, म्हणाला, "वाचली ना पृथ्वी?"

मग शोधलं तर आमच्यासारखे अडकलेले तेवीस जण निघाले. अर्ज, स्मरणपत्रं, वीज नियामक आयोगाकडे तक्रार, सुनावणी. शेवटी इतक्या दिवसांत मीटर लावलाच पाहिजे असं ठरलं आणि आठवड्याभरात माणूस मीटर घेऊन दारात. अर्ध्या तासाचं काम.

दादा म्हणाला, "बघ, शेवटी सरकारी नियमच लागला." लागला ना! पण तो नियम आभाळातून पडला का? पाठिंब्याच्या पत्रावर सही मागायला गेले तेव्हा दादा म्हणाला होता, "असल्या कागदांनी काय होतंय." ज्याचा सगळा भरवसा सरकारवर, त्याला सरकारला लिहिलेल्या कागदावर सही करवेना.

ओझोनच्या थराचं उदाहरणही तो नेहमी अर्धंच सांगतो. हा थर वाचवणारा मॉन्ट्रियल करार 1987 चा, सरकारांनी केला, कबूल. पण 1974 मध्ये स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसी वायूंचा ओझोनला धोका आहे हे कळल्यावर अमेरिकेत लोकांनी ते स्प्रे घेणं कमी केलं, ओरड झाली, आणि 1978 मध्ये तिथे बहुतेक स्प्रेंमधून सीएफसी हद्दपार झाला. करार त्यानंतर नऊ वर्षांनी. उलट बाजूही सांगते: माझी पॅनेल मला परवडली ती माझ्या पुण्याईने नाही. जर्मनीने 2000 साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षं ठरलेला दर दिला, मागणी वाढली, चीनमध्ये कारखान्यांवर कारखाने उभे राहिले, आणि 2010 नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती सुमारे 90 टक्क्यांनी उतरल्या.

तर तुम्ही काय करायचं? दिवे बंद करा, पण त्याचा हिशेब ठेवत बसू नका. तोच वेळ एका नियमामागे लावा. तुमच्या भागात वीज कोळशाची येते की कशाची, दर कोण ठरवतं, जनसुनावणी कधी असते, तिथे जाऊन बसा. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं काही नसतं. आणि 'सरकारने करावं' म्हणणाऱ्याला आधी विचारा, सरकारला शेवटचं पत्र कधी लिहिलंस?

हो, आणि भाड्याच्या घरात राहत असाल, किंवा महिनाअखेर हातातोंडाची गाठ पडत नसेल, तर यातलं काहीही मनाला लावून घेऊ नका. छत स्वतःचं असणं हीच मोठी चैन आहे. माझ्या तीन किलोवॉटने हवामानाला दमडीचा फरक पडलेला नाही, हेही मला ठाऊक आहे. वर मी विमानानेही जाते. दादा ते सांगेलच.

गेल्या वर्षी त्यानेही सोलर बसवली. मीटर बाराव्या दिवशी आला. पहिलं बिल आल्या आल्या त्याने मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'आता सिस्टीम सुधारली आहे.' मी उत्तरादाखल त्या जुन्या पत्राचा फोटो पाठवला, तेवीस सह्यांचा. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.